दहाची बाटली

वस्तीच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना सगळे ताई म्हणायचे. पन्नाशीला टेकल्या तरी ताईच. केंद्र म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक बाक, लशीचा फ्रीज आणि खांद्याने रेटल्याशिवाय न लागणारं एक कपाट. दर बुधवारी तिथे लहान मुलांना गोवराची लस मिळायची. ताईंचा हात इतका हलका, की लोक मोठं हॉस्पिटल सोडून इथे यायचे. ताईंना त्याचा अभिमान होताच, खोटं कशाला बोला.

त्या लशीची बाटली दहा मुलांची. एकदा औषध मिसळलं की चार तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ताईंनी तीन मुलांसाठी बाटली फोडली आणि सात डोस वाया गेले. साहेबांनी भर बैठकीत त्यांची अशी काही बिनपाण्याची केली, की ताईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून दहा मुलं जमल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. पुढे साहेब बदलले. एक मूल आलं तरी बाटली फोडा, असा वरून कागदही आला. ताईंनी वाचल्याची सही ठोकली, कागद फायलीत लावला आणि आपलंच घोडं पुढे दामटलं. लस वाया: शून्य. सलग बारा वर्षं शून्य! त्या शून्याचा बाईंना भारी तोरा.

कोपऱ्यावरच्या जिन्याखाली इस्त्रीवाले काका बसायचे. घरात ते, सून आणि दहा महिन्यांची नात. मुलगा लांब कुठेतरी कामाला, आणि सून सकाळीच कारखान्यात जायची. म्हणून नातीला लस द्यायचं काम काकांकडे. एका बुधवारी टेबलावर चादर टाकून, धंदा बंद ठेवून ते आले. त्या दिवशी मुलं तीन. ताई म्हणाल्या, पुढच्या बुधवारी या. काका पुन्हा आले. मुलं चार. ताईंनी पोरीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, एवढी धडधाकट आहे, आठ दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? काका हसले आणि नातीला कडेवर घेऊन परत गेले.

तिसऱ्या बुधवारी दहा मुलं जमली. काका मात्र आले नाहीत. शेजारीण सांगत आली, की पोरीच्या अंगभर पुरळ उठलंय, ताप उतरत नाही, मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. ताईंनी उरलेल्या मुलांना सुया दिल्या. तेरा दिवस पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि ताईंना अन्न गोड लागत नव्हतं. लस दिली असती तरी गोवर झालाच असता, असं त्या स्वतःला समजवायच्या. कोण जाणे, झालाही असता. पण मन काही ऐकेना.

पोर वाचली. काकांनी पुन्हा टेबल मांडलं, हे कळल्यावर ताई तिकडे गेल्या. काका एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की चूक आपलीच, आपणच वेळेवर लस दिली नाही, सुनेला तोंड दाखवायला जागा उरली नाही. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच मागे फिरावं, असंही क्षणभर वाटलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या थांबल्या.

"काका, तुमची काही चूक नाही. तुम्ही दोनदा आलात. मीच बाटली फोडली नाही."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. "औषध संपलं होतं ना?"

"नाही. होतं. मुलं कमी होती."

"एका बाटलीत किती जणांचं असतं?"

"दहांचं. दुसऱ्यांदा आलात तेव्हा चारच होती."

काका कितीतरी वेळ घडी घातलेल्या सदऱ्याची तीच बाही सारखी करत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे सहा जणांचं वाया गेलं असतं. एवढंच."

ते ओरडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर ताईंना बरं वाटलं असतं. त्या परतल्या. त्याच दुपारी त्यांनी सगळा प्रकार लिहून नव्या साहेबांकडे पाठवला. पुढे काय व्हायचं ते होवो.

दीड महिन्याने एका बुधवारी काका नातीला घेऊन केंद्रात आले. एकदा गोवर झाला तरी लस द्यायचीच असते, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं. बाक रिकामा होता. काका दारातच थांबले.

"आज कोणीच नाही. परत येऊ का?"

"बसा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली फोडली.

काकांनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा उजवा दंड मोकळा केला. ताई सुई घेऊन त्या बाजूने वाकल्या. इतक्या वर्षांत सुई दिसल्याबरोबर पोरांनी गळा काढला नाही, असं क्वचितच झालं होतं. ही मात्र गप्प बसून होती. तेव्हा ताईंचं लक्ष तिच्या उजव्या डोळ्याकडे गेलं. गोवरानंतर बुबुळावर पांढरी साय धरली होती. सुई टोचेपर्यंत पोरीला काही कळलंच नाही.