दादाच्या तोंडचं संगीत

ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या स्मिताने कानातला एक इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. "ऐक ना, लहानपणीच्या गेमचं म्युझिक. माझं सगळ्यात आवडतं!"

तिच्या फोनवर गेमचं चित्र दिसलं. हाच गेम आमच्याकडे होता, टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचा. पण बाबा रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असायचे, म्हणून टीव्हीचा आवाज कायम बंद. मी खेळायचो आणि दादा शेजारी बसून दबक्या आवाजात, मनाला येईल ते संगीत तोंडानं वाजवायचा. पाण्याखाली गेलो की संथ, राक्षस आला की भरभर. मला वाटायचं, गेमचं संगीत हेच.

खरं संगीत आज पहिल्यांदा ऐकलं. चांगलंच होतं. पण दादाचा एकही सूर त्यात नव्हता.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"आता तुझं आवडतं ऐकव," स्मिता म्हणाली.

काय ऐकवू? ते कुणी रेकॉर्ड केलं नाही. मी डोळे मिटले. गेम दिसला, शेजारी दादा दिसला, त्याचे ओठही हलताना दिसले. आवाज काही केल्या येईना.