एकाच गावची दोन माणसं

दोन हजार चार साली आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला भाड्याने राहायचो. त्या बिल्डिंगमध्ये बॉस्नियातल्या एका लहानशा गावची दोन माणसं होती. एक आमच्या समोरच्या दारातली साठीची विधवा बाई आणि दुसरा बिल्डिंगचा दुरुस्तीवाला. गावात त्यांची घरं शेजारी-शेजारी, मधे नुसतं कुंपण. नव्वदच्या दशकातल्या तिथल्या युद्धात दोघं वेगळ्या बाजूंना गेली. इथे जिन्यात तो दिसला की बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर, मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे दिवसभर घरीच. बाईशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझं बरं जमलं होतं. जानेवारीत ऐन बर्फात तिचं हीटिंग बंद पडलं. ओव्हरकोट घालून ती स्वयंपाकघरात बसून होती.

"बिल्डिंगच्या ऑफिसला कळवू का?" मी विचारलं.

"ते त्यालाच पाठवतील. नको."

संध्याकाळी तिचे ओठ निळे पडलेले बघून मी फोन केलाच.

तो आला. बाईने मला दंडाला धरून आत ओढलं. "तू इथेच थांब. आणि त्याला सांग, आमच्या भाषेत बोलायचं नाही."

तो समोरच उभा होता, तरी मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. हळूहळू खोली उबदार झाली. हत्यारांची पेटी उचलून निघताना मात्र तो त्यांच्या भाषेत एक वाक्य बोललाच, अगदी हळू. बाईने टेबलावरचा कप उचलून त्याच्या पायाशी फेकला. तो तुकडे ओलांडून बाहेर गेला.

"काय म्हणाला?"

"म्हणे, तुझ्या अंगणातल्या अक्रोडाला या खेपेला खूप फळं आली. त्याला कळणारच. त्याचा भाऊ राहतो गावच्या माझ्या घरात."

मी बाहेर आले तर तो जिन्यात थांबला होता. "मी चांगल्या मनाने बोललो," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "माझं घर कुणी जाळलं, विचार तिला. तिच्या नवऱ्याला माहीत होतं."

"मी नाही विचारणार."

"मग मधे कशाला पडतेस?"

दुसऱ्या दिवशी मी बाईकडे पोहे घेऊन गेले. तिने दार उघडलं नाही. "तू त्याला माझ्या घरात आणलंस," एवढंच आतून ऐकू आलं. नंतर आमचं सिंक तुंबलं, तेव्हा दुरुस्तीवाल्याने कितीतरी दिवस लावले. आला तेव्हाही माझ्याकडे न बघता काम करून गेला.

"त्यांच्या गावच्या भांडणात तू कशाला पडलीस यार?" नवरा म्हणाला. मी त्याच्याशीही भांडले.

एप्रिलमध्ये बाईची मुलगी येऊन तिला आपल्या शहरात, सेंट लुईसला घेऊन गेली. जाताना बाई माझ्या दारावरून गेली, पण थांबली नाही. त्याच आठवड्यात तिचं रिकामं घर रंगवायचं काम दुरुस्तीवाल्याकडे आलं. दार उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावले. तो जुना रंग काढायच्या पत्र्याने भिंत खरवडत होता. मला पाहिल्यावर त्याने पायानेच दार लोटून घेतलं.