सोमवारी न जेवणारा बिबट्या

सोलापूरचे नाव कोणी काढले की माझ्या डोळ्यांसमोर आधी एक जुनी दगडाची खाण येते, आणि तिच्या काठावर कोवळ्या उन्हात पाय पसरून बसलेला बिबट्या. तुम्ही दोघांनी परवा आफ्रिकेतल्या सहलीचे फोटो पाठवलेत. उघडी जीप, हातभर अंतरावर सिंह. "आजी, तू असं कधी पाहिलंस का?" असे खाली लिहिले होते. पाहिले आहे. तेही तुमच्यासारखेच गाडीत बसून, गाईडचे बोलणे ऐकत. फरक इतकाच, की माझ्या पदराखाली सरकारी रिव्हॉल्व्हर होते.

ही एकोणीसशे सत्तरनंतरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होते. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्या काळी बाई फौजदार म्हणजे नवलाई होती. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी मला ओलांडून मागे पाही. त्या दिवशी आलेल्या धनगराने तेच केले.

"साहेब कुटं हायत?"

"मीच. बोला."

त्याने आमच्या हवालदारांकडे पाहिले. हवालदारांनी मान डोलावली, तेव्हा कुठे तो बाकावर टेकला.

"अक्कलकोटच्या वाटंवर जुनी खाण हाय. तितं वाघ आलाय. त्यो गप हाय बिचारा. त्याला बगायला येनारी मानसं लई वंगाळ. एक टेम्पोवाला रोज सकाळी शहरातली मानसं भरून आनतोय. माजी मेंढरं बुजत्यात."

"वाघाने किती मेंढरे नेली?"

"एक बी न्हाय."

"आणि तुमचा कळप तिथेच असतो?"

"व्हय की. तितंच बसवलाय, रानाला खत व्हावं म्हनून."

तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. बिबट्या खाणीत, मेंढरे समोर, आणि एकही गेले नाही. ही गोष्ट मला खटकली. पण खाणीत बिबट्या आहे ही बातमी वर पोचलेली होती. आमच्या साहेबांनी बोलावून सांगितले की गोळी घालण्याची परवानगी आली आहे, सोमवारी सकाळी लष्करातून निवृत्त झालेले एक शिकारी येतील, तोपर्यंत तो टेम्पो बंद करा आणि कोणाला ओरखडाही उठू देऊ नका.

रविवारी पहाटे साधी सुती साडी नेसून मी त्या टेम्पोत बसले. हवालदार माझे भाऊ झाले होते. आमच्याबरोबर गिरणीतल्या एका कारकुनाचे कुटुंब, दोन शिक्षिका आणि शेंगांची पुरचुंडी घेतलेली एक म्हातारी होती. टेम्पोवाला कपाळावर विभूती लावणारा, घरी कानडी बोलणारा चुणचुणीत माणूस. पूर्वी तो बाहेरगावच्या लोकांना अक्कलकोटचे दर्शन घडवून आणी. आता स्वतःला गाईड म्हणवीत होता, आणि खरे सांगायचे तर काम चांगले करीत होता. माळावर काळविटांचा कळप दिसताच त्याने इंजीन बंद केले.

"बोट दाखवू नका. तेला बोट कळतंय. नुसतं बघा." मग मागे वळून, "आजी, शेंगा नंतर. टरफलाचा आवाज लई लांब जातोय की."

"वाघ काय शेंगा मागनार हाय का?" म्हातारी म्हणाली. पण तिने पुरचुंडी बांधली.

पुढे एक लांडगा दिसला, मान खाली घालून आपल्या वाटेने जाणारा. मग खाण. बिबट्या काठावर बसून हाड चघळत होता. इतके देखणे जनावर मी त्याआधी मोकळे कधी पाहिले नव्हते. त्याने आमच्याकडे पाहिले, जांभई दिली आणि पुन्हा हाडाकडे वळला. सगळे श्वास रोखून पाहत असताना कारकुनाची लहान मुलगी मागच्या फळीवरून घसरून खाली उतरली आणि सरळ खाणीकडे चालू लागली. माझा हात रिव्हॉल्व्हरवर गेला. गाईडने उडी मारून तिला उचलले. बिबट्याने फक्त कान हलवला.

परतल्यावर मी गाईडला ओळख सांगितली आणि ठाण्यात आणले.

"मी काय गुन्हा केलो बाईसाहेब? वाघ माझा न्हाय, खाण माझी न्हाय."

"आणि टेम्पो?"

"तो तेवढा माझा हाय की."

हवालदार खोकले. मी गाईडला पाणी दिले आणि सोपे प्रश्न विचारू लागले. घाबरलेल्या माणसाला आधी त्याच्या आवडीचे विचारावे, तो आपणहून मोकळा होतो. बिबट्या कधी येतो, कुठे बसतो, काय खातो.

"रोज सकाळी तोंडात कायतरी असतंयच. सोमवार सोडून."

"सोमवारी काय होते?"

"उपास." तो अगदी सहज म्हणाला. "सोमवारी तिथंच बसतोय, पण खात न्हाय. शिवाचा वार की, बाईसाहेब. मी पाहिलो, लोकांना सांगितलो. आता सोमवारीच जास्त गर्दी. बायका बेल आणतात. तेचा उपास असतंय, तो काय करणार न्हाय, म्हणून खाली उतरून हात जोडतात."

मी हवालदारांकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते.

"बाईसाहेब," ते सावकाश म्हणाले, "मैदानात सर्कस लागलीया न्हवं, तितं मी बंदोबस्ताला होतो. सर्कशीत बी सोमवारी वाघ-सिंव्हांना खायला देत न्हाईत. पोट साफ ऱ्हावं म्हनून. त्या दिवशी लई गुरगुरत्यात."

रानातल्या जनावराला वार कळत नाहीत. वार पाळतो तो माणूस. म्हणजे रोज पहाटे कोणीतरी त्या खाणीत मांस टाकून जात होते, आणि सोमवारी जात नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उपाशी बिबट्या, बेल घेऊन पुढे जाणाऱ्या बायका आणि बंदूक घेतलेला शिकारी, सगळे एकाच ठिकाणी जमणार होते.

मी तडक सर्कशीत गेले. मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला. जनावरे ठीक आहेत का, विचारले. एकदम ठीक, म्हणाला. मी पिंजऱ्यांजवळून फिरले. एका पिंजऱ्यावर ताडपत्री बांधलेली होती.

"यात काय आहे?"

"बिबटीण आहे. आजारी आहे, बाई. उजेड सहन होत नाही."

पिंजऱ्याशेजारी एक दाढीवाला रखवालदार सायकल पुसत उभा होता. सायकलच्या कॅरियरवरच्या गोणपाटाला वाळलेल्या रक्ताचे डाग होते. मी मॅनेजरला काही विचारले नाही. रखवालदाराकडे वळून एवढेच सांगितले, "खाणीतल्या बिबट्याला उद्या सकाळी गोळी घालणार आहेत."

"चूप बैठ," मॅनेजर त्याला म्हणाला. त्या दोन शब्दांनी माझे अर्धे काम केले.

"नक्को मारो, मेमसाब," रखवालदार म्हणाला. "मेरी मुन्नी है वो. इत्ती थी तबसे पाला."

बाकीचे जबाबात आले. सर्कस सोलापूरला येताना खाणीजवळ ट्रकचे चाक खड्ड्यात बसले, पिंजऱ्याचा अडसर निसटला आणि मुन्नी उडी मारून खाणीत गेली. गवगवा झाला तर खेळांची परवानगी जाईल म्हणून मॅनेजरने सगळ्यांची तोंडे बंद केली. मुक्काम हलेल तेव्हा जाता जाता तिला उचलू, असा त्याचा हिशेब होता. तोवर ती भुकेने मेंढरांवर जाऊ नये म्हणून रखवालदार रोज पहाटे सायकलवरून मांस नेत होता. सर्कशीची शिस्त मात्र त्याने खाणीतही सोडली नव्हती.

"उद्या पिंजरा घेऊन चल. मांसही घे," मी म्हटले.

"कल सोमवार है, मेमसाब. सोमवार को नै देते. हाजमा बिगडता."

"उद्या द्यायचे."

सोमवारी उजाडताना आम्ही खाणीवर होतो. बेल घेऊन निघालेल्या बायकांना हवालदारांनी सडकेवरच अडवून धरले होते. शिकारीसाहेबांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि बंदूक भरली. "बाई, तिने माणसावर चाल केली तर मी थांबणार नाही." त्यांचे म्हणणे रास्त होते.

पिंजरा खाणीच्या तोंडाशी ठेवला. रखवालदाराने हाक मारली. मुन्नी आली, पिंजऱ्याभोवती फिरली, वास घेतला आणि दाराबाहेर बसून राहिली. त्याने पुन्हा बोलावले, विनवले. ती जागची हलेना. दूर सडकेवर बायकांचा आवाज चढला तशी ती उठून कान टवकारून तिकडे पाहू लागली. शिकारीसाहेबांनी बंदूक खांद्याला लावली.

तेव्हा रखवालदाराने मांसाचा तुकडा उचलला आणि तो स्वतःच पिंजऱ्यात शिरला. मी हाक मारणार होते, पण हाकेने ती बिथरली असती. त्याने आत बसून, तिच्याकडे पाठ करून, सर्कशीत रोज गात असेल तसे काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. मुन्नी आत गेली. तिने मांस घेतले. तो पलीकडच्या लहान दारातून सरपटत बाहेर आला आणि दोन्ही दारे पडली.

तो तिथेच मातीत बसला. शिकारीसाहेबांनी काडतुसे काढून खिशात टाकली आणि मला म्हणाले, "काही न मारता इतका कधी थकलो नव्हतो." मी पदर सारखा करण्याचे निमित्त करून थोडी बाजूला गेले.

सडकेवर शेंगावाल्या म्हातारीने हवालदारांना गाठले होते.

"कुटं गेला त्यो?"

"आपल्या घरी गेला, आजी."

"आन् उपास?"

"सोडला की. आत्ताच."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली, खाणीच्या काठापर्यंत गेली आणि बेल तिथे ठेवून परत फिरली.

मॅनेजरवर जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि तो शाबित झाला. रखवालदाराला मी साक्षीदार केले. गाईडला समज देऊन सोडले, तर तो दारात घुटमळला. "आता लोकांना काय दाखवू, बाईसाहेब?" काळवीट दाखव, लांडगा दाखव, टेम्पोतून कोणाला उतरू देऊ नकोस, असे मी सांगितले. पुढे तो तेच करीत राहिला. धनगराने मेंढरे बुजण्याची तक्रार पुन्हा आणली नाही, आणि पुढच्या खेपेला आला तेव्हा सरळ माझ्या टेबलाशी आला.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे, की माणूस केलेले कृत्य झाकतो, पण सवय झाकायचे त्याला सुचत नाही, कारण ती त्याला दिसतच नाही. पुढे अनेक तपासांत मला याचा उपयोग झाला. पण ही घटना मी तुमच्यासाठी लिहिली ती त्यासाठी नाही. माझ्या नोकरीतली बहुतेक प्रकरणे कोणाच्या तरी तुरुंगात किंवा स्मशानात संपली. त्या सोमवारी मात्र पहाटे निघालेली सगळी माणसे दुपारी आपापल्या घरी जेवत होती, आणि बिबटीणही.