कान असलेला कुत्रा

आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या रजिस्टरात सहावा रकाना ‘जात’ असा आहे. एलिझबारकाका येईपर्यंत मी त्यात वरपासून खालपर्यंत ‘मिश्र’ एवढंच लिहीत असे, आणि त्याबद्दल मला कुणी कधी बोललं नव्हतं. दर ऑक्टोबरात तुशेतीच्या डोंगरावरून मेंढ्यांचे कळप खाली उतरतात, अलवानी गावावरून पुढे हिवाळी कुरणांकडे जातात. त्यांच्यामागे राहिलेली, पंजे सोललेली कुत्री आमची गाडी उचलून आणते. बाजारातली भटकीही त्याच गाडीतून येतात. नियम सोपा. मेंढक्यांचं कुत्रं असेल तर तळांवर फोन करायचा, मालक येऊन घेऊन जातो. भटकं असेल तर नसबंदी, कानात पिवळा बिल्ला, आणि जिथून उचललं तिथे नेऊन सोडायचं. म्हणजे एका जिवाला घर मिळणार की रस्ता, हे त्या रकान्यावर ठरायचं, आणि तो रकाना मी चहा पिता पिता भरत होते.

काका आले ते त्यांच्या मुलाला, इमेदाला, पुरल्यावर दहाव्या दिवशी. अंगात मुलाचाच मेंढीच्या कातड्याचा कोट होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. दारातच उभे राहिले.

“नानुली, इमेदाचा कुत्रा आलाय का गं इथे?”

“दिसायला कसा आहे?”

“नर. करडा. सव्वा वर्षाचा असेल.”

“असेल म्हणजे? तुम्ही पाहिला नाही?”

“नाही पाहिला. पण आमच्याच कुत्रीचा आहे, वर तळावर जन्मलेला. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे माझ्या हाताखाली वाढलेत. ओळखीन मी.”

त्यांनी तो का पाहिला नव्हता हे साऱ्या अलवानीला ठाऊक होतं. आदल्या वर्षीच्या वसंतात बापलेकांचं वाजलं होतं. चाळीस वर्षं मेंढ्यांमागे चालून काकांचे गुडघे गेले, तेव्हा ते म्हणाले, कळप विकून टाक, खाली ये, लग्न कर. इमेदा म्हणाला, मला दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही. काका भडकले, “मग तुझ्या तळावर मी पाय ठेवणार नाही!” आणि दीड वर्ष ठेवला नाही. उन्हाळ्यात वर गेले नाहीत, हिवाळ्यात खालच्या कुरणावरही गेले नाहीत. शब्दाचे पक्के! असल्या पक्केपणाला चुलीत घालायला हवं. मग या ऑक्टोबरात अबानो खिंडीत अवेळी बर्फ पडलं, कड्याखाली अडकलेल्या चार मेंढ्या काढायला इमेदा उतरला, आणि त्याला दोरानं वर ओढावं लागलं. काकांनंतर तळावर आलेला त्याचा सोबती गिगो कळप घेऊन खाली आला. दफनाच्या दिवशी एवढंच म्हणाला, “करडा कुत्रा तिथेच बसून राहिला, काका. हाका मारल्या, आला नाही.” दुसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन गिगो हिवाळी कुरणावर गेला.

तो कुत्रा आज ना उद्या रस्त्याला लागेल आणि आमच्या गाडीत येईल, या आशेवर काका रोज यायला लागले. रिकामं बसवेना म्हणून मग बाकीच्या कुत्र्यांकडे बघू लागले, आणि मला कळलं की मी आजवर काय दिवे लावत होते.

त्यांची रीत अशी. पिंजऱ्यासमोर जायचे नाहीत. लांब बाकावर पाठ करून बसायचे, भाकरीचा तुकडा चघळायचे आणि अधूनमधून मान वळवायचे. मेंढक्यांचं कुत्रं दिवसा झोपतं, पण तोंड बाहेर करून. पिंजऱ्यात उंचवटा असेल तर तिथेच बसतं. शेजारी पिल्लू असेल तर दार आणि पिल्लू यांच्या मधे आडवं पडतं. माणसाला शेपूट हलवत नाही, बघून घेतं आणि सोडून देतं. “हा आमचा,” काका म्हणायचे, “फोन लाव.” त्या महिन्यात अकरा कुत्री आपापल्या तळांवर परत गेली.

एकदा राजधानीतून मोठी गाडी घेऊन दोघे आले. अस्वलाला भिडेल असा अस्सल कुत्रा हवा होता त्यांना. झुंजी लावायला, हे त्यांच्या गळ्यातल्या साखळ्यांवरूनच कळत होतं. काकांनी चौथ्या पिंजऱ्यातल्या सुरेख काळ्या नराकडे बोट दाखवलं. “हा? याची आई खाटकाच्या दारातली. फटाका वाजला की मुततो.” ते दोघे निघून गेले. काळा नर दोन दिवसांनी आपल्या मेंढक्या मालकाच्या ट्रकमध्ये चढला.

पण या सगळ्याच्या आधी काका एक गोष्ट बघायचे. कान. आमच्याकडे पिल्लू आठ दिवसांचं झालं की कान मुळापासून छाटतात, म्हणजे लांडग्याच्या दाताला धरायला काही राहत नाही. छाटलेला तुकडा भाजून, मीठ लावून पिल्लालाच भरवतात. हे काम घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाचं, आणि काकांचा हात इतका हलका की दुसऱ्या घरचेही त्यांना बोलावून न्यायचे. कान शाबूत असलेलं कुत्रं आलं की काका मान फिरवायचे. “कान असलेला कुत्रा मेंढक्याचा नसतो.”

आमच्या डॉक्टर मझिया चिडायच्या. “काका, कानावरून जात ठरत नाही!”

“जात नाही ठरत, घर ठरतं. ज्याचे कान कापले नाहीत, त्याला घरात कुणी वडीलधारं नव्हतं.”

“त्या पिल्लाला विचारा मग, वडीलधारं हवं होतं का ते!”

काका हसायचे. त्या दिवसांत ते हसले असतील तर एवढ्यावरच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडीनं एक करडा नर आणला. उंच, हाडं मोजून घ्यावीत इतका वाळलेला, मागच्या पायानं लंगडणारा. पुलाजवळच्या दुकानासमोर सापडलेला. कान दोन्ही पूर्ण, खाली लोंबणारे. पिंजऱ्यात सोडल्यावर त्यानं एक फेरी मारली आणि उत्तरेकडे, डोंगराकडे तोंड करून बसला. खाण्याला तोंड लावेना.

मी काकांना म्हटलं, “जरा बघा तरी. बसलाय कसा बघा.”

“कान आहेत त्याला.”

“असू देत. जवळ जाऊन बघा.”

माझ्या आग्रहाखातर ते उठले. पिंजऱ्याशी जाताच तो कुत्रा उभा राहिला. जाळीतून नाक बाहेर काढलं आणि काकांच्या कोटाच्या बाहीत खुपसलं. शेपूट हलवलं नाही, आवाज केला नाही. नाक तसंच बाहीत ठेवून डोळे मिटले.

“कातड्याचा वास येतोय त्याला,” काका म्हणाले. “भुकेलाय.” खिशातला भाकरीचा तुकडा पुढे केला. कुत्र्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. काकांनी बाही सोडवून घेतली. “बाजारातलाच आहे गं. लिही.”

मला पटलं नव्हतं. भुकेलं कुत्रं भाकरी सोडून बाही कशाला हुंगेल? पण चाळीस वर्षं कुत्र्यांत काढलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? मी लिहिलं, ‘मिश्र, भटका’. डॉक्टरांनी नसबंदी केली, बिल्ला टोचला, दोनशे बारा. दहा दिवसांनी गाडीनं त्याला पुलाजवळ सोडलं. गाडी निघाली तेव्हा तो मागे धावला नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

काका हिवाळाभर येत राहिले. करडा नर आला की उठून बघायचे, पुन्हा बाकावर बसायचे.

एप्रिलच्या शेवटी गिगो आला. डोंगरावर चढायच्या आधी, हरवलेली आपली कुत्री शोधत होता. काकांना बघून त्यानं टोपी काढली, बाजूला बसला. इमेदाच्या मेंढ्यांच्या, कुरणाच्या गोष्टी झाल्या. मग म्हणाला, “आणि तो लंबकान्या सापडला का हो, काका?”

“कोण लंबकान्या?”

“इमेदाचा करडा. आम्ही चिडवायचो त्याला. एवढा मोठा गडी आणि कान सशासारखे.”

गिगो आपल्याच नादात होता.

“कापलेच नाहीत ना इमेदानं. मी म्हटलं, आण, मी कापतो. तर म्हणाला, आमच्या घरात हे माझा बाप करतो, तो येईल. सुरीला धार लावून ठेवली होती. वर ट्रक आला की पुढे जाऊन बघायचा, कोण उतरतंय. पिल्लू महिन्याचं झालं, दोन महिन्यांचं झालं. मी म्हटलं, अरे, आता नाही कापता यायचे, मोठा झाला. तर म्हणाला, राहू दे. बाबा आला की त्याला दाखवू, तुझ्या हट्टापायी कुत्रा ससा झाला म्हणून. हसेल तो.”

काकांचा चेहरा पाहून आपण काहीतरी भलतं बोललो, हे त्याच्या लक्षात आलं.

“नानुली,” काका म्हणाले, “डिसेंबर काढ.”

मी रजिस्टर काढलं. वाचून दाखवायची गरज नव्हती, पण त्यांनी वाचायला लावलं. पुलाजवळचं दुकान. नर. करडा. कान पूर्ण. मिश्र, भटका.

“तू म्हणाली होतीस बघा म्हणून.”

“काका, मीही लिहिलंच ना.”

“तू लिहिलंस. मी सांगितलं.” त्यांनी बाहीचं टोक बोटात धरलं. “त्यानं मला ओळखलं होतं गं. जन्मात पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. आणि मी म्हटलं, बाजारातला आहे.”

त्याच दुपारी आम्ही गिगोच्या ट्रकमधून पुलाजवळ गेलो. दुकानवाल्या बाईंना तो चांगला आठवत होता. बिल्लेवाला ना? हो, इथेच असायचा. कुणाच्या हातचं खायचा नाही, घालून मागे सरकलं की मग खायचा. मेंढ्यांचा ट्रक दिसला की उभा राहायचा, मागे चार पावलं जायचा, परत यायचा. फेब्रुवारीत धुकं होतं, तशा एका ट्रकमागे गेला आणि पाठीमागून आलेल्या गाडीनं उडवला. “माझ्या नवऱ्यानं मागच्या अक्रोडाखाली पुरला,” बाई म्हणाल्या. “तुमचा होता होय? मग आधी का नाही आलात?”

काका अक्रोडाखाली गेले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मला रडू आवरेना आणि रागही आवरेना, त्यांचा, माझा, त्या मेल्या कानांचा. माणूस दीड वर्ष रुसतो तेव्हा त्याला वाटतं आपण एकटेच रुसून बसलोय. पलीकडे कुणी रोज ट्रककडे बघत असतं, हे त्याला कोण सांगणार?

त्यानंतर काका निवाऱ्यात आले नाहीत. मी दोनदा घरी गेले. चहा दिला, चीज दिलं, कुत्र्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

जूनमध्ये खिंडीचा रस्ता ट्रकसाठी उघडला; कळप आणि कुत्री पायवाटेनं आधीच वर चढली होती. पहिल्याच ट्रकनं गिगो वर निघाला तर काका कोट घालून रस्त्यात उभे. “मलाही ने.” त्यांच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता म्हणून मीही चढले. खिंडीत, जिथे इमेदा उतरला होता तिथे, गिगोनं गाडी हळू केली. काका म्हणाले, “थांबू नकोस. तळावर चल.”

तळावर पोहोचायला संध्याकाळ झाली. गिगोनं हात दिला, काकांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच उतरले, एक पाय, मग दुसरा. दगडी झोपडीकडे तोंड करून उभे राहिले. मग हाक मारल्यासारखं मोठ्यानं म्हणाले, “आलो रे इमेदा!”

गिगोची सहाही कुत्री उतारावरून धावत आली आणि काकांभोवती कडं करून भुंकायला लागली. आमच्याकडे अशा वेळी परक्यानं जागचं हलायचं नसतं, मालक येईपर्यंत थांबायचं असतं. काका थांबले नाहीत, झोपडीकडे चालत राहिले. गिगो धावला, नावं घेऊन ओरडला, दगड उचलला. कुत्री ऐकेनात. त्यांनी त्या माणसाला त्या तळावर कधी पाहिलंच नव्हतं.