दही न लागणारं पाणी

नव्वदच्या दशकात भिवंडीजवळच्या एका छोट्या औषध कारखान्यात मी केमिस्ट होते. तिथे अँटिबायोटिकची पावडर तयार व्हायची. सांडपाण्याच्या टाकीत घाण खाणारे जिवाणू सोडले, की औषधानं तेच मरायचे. नवे सोडले, तेही मरायचे. वैतागून मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनातून ओझोन वायूचं मशीन आणलं. ओझोनचे बुडबुडे सोडले की पिवळं पाणी बघता बघता नितळ व्हायचं. मालक खूश.

मला शंका होती. औषध मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून घरून दूध आणि विरजण नेलं. दही लावणारेही जिवाणूच; पाण्यात औषध उरलं असेल तर तेही मरणार. नळाचं पाणी घातलेल्या दुधाचं दही लागलं. ते नितळ पाणी घातलेलं दूध तसंच राहिलं. रंग गेला होता, औषध नव्हतं गेलं.

मग पुस्तकं धुंडाळून मँगनीजचा लेप दिलेले मातीचे दाणे बनवले, भट्टीत भाजले आणि ओझोनच्या नळकांड्यात भरले. त्यांच्यामुळे ओझोन जास्त जोरानं काम करतो. पहिले दाणे विरघळून गेले, दुसऱ्यांवर गाळ बसला. लाइट जायची ती वेगळीच. शेवटी एकदा दही लागलं. थोडं सैल, पण लागलं. ते भांडं घेऊन मी थेट मालकांच्या केबिनमध्ये गेले.

मालकांनी भांड्यात डोकावून पाहिलं. म्हणाले, "मॅडम, तपासायला येणारा सरकारी साहेब रंग बघतो, वास बघतो. आपल्या पाण्याचं दही कोण लावतंय?"

गाळ बसला की दाणे बदलावे लागायचे, पण नवे करायला त्यांनी नकार दिला. घरी, कोन गावात आले तर आईचंही तेच. "कंपनीचं पानी हाय, तुजं काय जातं?" त्या रात्री मी जेवले नाही.

काही दिवसांनी टाकीजवळून मशीनच गायब झालं. शोधत गेले, तर ते मालकांच्या केबिनमागे, पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याला जोडलेलं. त्यांनी कौतुकानं मला ग्लास दिला.

"साहेब, हे पाणी आधीच स्वच्छ होतं," मी म्हणाले. ग्लास तसाच ठेवून बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात मला पॅकिंगमध्ये टाकलं. टाकीवर तुरटी आणि चुना आला. पाणी पुन्हा नितळ दिसायला लागलं आणि नाल्यातून खाडीकडे जात राहिलं. पावडरीच्या पिंपांवर मी रागारागानं लेबलं चिकटवायचे, ती वाकडी लागायची, आणि सुपरवायझर ती काढून पुन्हा लावायला सांगायचा.