वरनं अळनी, खालनं खारं

बर्फाच्या लादीखाली पानी साचतं ना, तसं आमच्या स्टॉलखाली किस्से साचत्यात. एक पुसावा तवर दुसऱ्याचं डबकं झाल्यालं! बसा जरा, सांगते. पन मदी मदी "खरं का?" म्हनून इचारायचं न्हाई.

आमचा धंदा पॉट आईस्क्रीमचा. मी, माजी धाकटी जाऊ हौसा, आनि हौसाची सून सुनीता. सांगलीवरनं लादी आनायची, फोडायची, दुदाच्या डब्याभवती बर्फ आनि जाडं मीठ भरायचं आनि दांडा फिरवत बसायचं. लय जत्रा केल्या. पन जीव अडकलाय त्यो गावच्या जत्रंत, चिंचंखालच्या जागंत. वैशाखाचं ऊन! सावली गेली की बर्फ गेला, आनि बर्फ गेला की आमी तिगी घरी.

आनि औंदा ती जागाच जायाला निघाली हुती! कशी, ते येतंच पुढं.

*

आदी हौसाचं ऐका. नवी नवी हुती तवा लादी आदल्या दिवशीच आनली. मी म्हनलं, "हौसे, भुश्शात नीट झाकून ठिव गं." हिनं डोकं चालवलं. लोनचं मिठात टिकतं, सुकट मिठात टिकती, मंग बर्फानं काय घोडं मारलंय? अख्ख्या लादीला मीठ चोळलं, पोतं गुंडाळलं आनि निवांत झाली!

सकाळी पोतं उचललं तर नुसतं वल्लं पोतं. हौसाचं तोंड बारीक. "आवं आक्का, चोरी झाली का काय?"

मी म्हनलं, "चोरी न्हाई गं. लोनचं लय मुरलं!"

गावभर झालं. अजून जत्रंत कोन ना कोन इचारतंयच, "हौसामावशी, मुरल्याला बर्फ हाय का?"

*

एकदा पाटनकडं गेलो हुतो. डब्याचं झाकन ढिलं ऱ्हायलं आनि भवतीचं खारं पानी दुदात शिरलं. पैल्याच गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं. "आवं, ह्ये खारट हाय की!"

हौसा हात जोडाय लागली. मी तिला चिमटा काढला. "खारट असनारच! कोकनी आईस्क्रीम हाय ह्ये, दर्याकाठचं! खास मानसांस्नीच देतो."

त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. वर बायकूला घिऊन आला, "खास द्या म्हनावं!"

सुनीता म्हनती, "थोरल्या आत्ती, पुन्यात आता सॉल्टेड म्हनून इकत्यात." बगा, आमीच आदी काडला त्यो फ्लेवर!

*

आता सुभेदार. आमच्याच गावचा, मिल्ट्रीतनं रिटायर झाल्याला, जत्रा कमिटीचा म्होरक्या. मानूस सोन्यासारका, पन "आक्का, आमी बर्फात जलम काडला" ह्ये ऐकल्याबिगर त्याच्या हातचा च्या कुनाला मिळत न्हाई.

एक डाव मी म्हनलं, "मंग ह्या बादलीत हात घाला की!" बादलीत नुसतं बर्फाचं पानी. त्यानं हात घातला, हासतोय, मिशीला पीळ देतोय. "ह्ये तर आमचं अंघुळीचं पानी!"

म्हनलं, "बरं, आता ह्यात घाला." ती हुती पॉटाभवतीची बादली, बर्फ आनि मिठाची, साद्या बर्फाहून कितीतरी गार. बोटं बुडली न्हाईत तवर असा हात वर गेला, वाटलं झेंड्याला सलामीच दिली! सगळी जत्रा टाळ्या पिटतीय. सुभेदार लाल.

आनि औंदा कमिटीत म्हनाला, "चिंचंखाली माज्या भाच्याची सॉफ्टीची मशीन बसंल. आक्कांनी पानवठ्याकडं उनात जावं."

माजी जीभ मला अशी नडली!

*

त्याच हप्त्यात सुनीतानं कोकमाचा लाल बर्फ केला. मी उगं गंमत म्हनून एक खडा साद्या पान्याच्या गिलासात टाकला, आनि एक पॉटातल्या उरल्याल्या खाऱ्या पान्यात.

गोड्या पान्यात लाल धागं सुटलं, सुरसुर खाली गेलं, सगळा गिलास गुलाबी! आनि खाऱ्यात? लाल पानी वरच बसलं, दुदावरच्या साईगत. खालचं खारं जसंच्या तसं. आनि खडा आपल्याच गार पान्याची वाकळ घिऊन बसल्याला. पलीकडचा इरघळून गेला तरी ह्यो हाय तिथंच!

सुनीता म्हनली, "खारं जड असतंय, आत्ती. गोडं त्याच्यावर तरंगतंय."

मी म्हनलं, "आपल्या घरात बी तसंच हाय गं. सासू तळाला, सून वर!"

हौसा फडकं घिऊन धावली माज्या अंगावर. पन माज्या डोक्यात किडा वळवळाय लागला हुता.

*

जत्रंच्या सकाळी सुभेदार भाच्याला घिऊन आला. चिंचंखाली मशीन उतरवाय लागली. हौसाच्या डोळ्यात पानी.

मी दोन गिलास मांडलं. "सुभेदार, बर्फातला मानूस तुमी. ह्यात गोडं पानी, ह्यात खारं. दोन्हीत सारकाच खडा. हलवायचं न्हाई. तुमचा खडा आदी इरघळला तर मी सोता मशीन उचलू लागते. न्हाईतर जागा आमची. निवडा."

सुभेदार गदगदून हासला. "आक्का, हौसाबाईंची लादी मिठात मुरल्याली अख्ख्या गावाला म्हाईत हाय! खारा माजा!"

हौसा माज्या कानात म्हनली, "आक्का, घालवली ना जागा?"

मानसं गोळा झाली. सुभेदार मिशीला पीळ देतोय. गोड्यातला खडा बारीक झाला. मन्यायेवढा झाला. गेला! खाऱ्यातला आपला तरंगतोय खुशाल.

सुभेदाराचा पीळ सुटला. "ह्यात मीठच न्हाई! फसवनूक हाय ही!" गिलास अल्लाद उचलला, वरवर व्हट लावलं, आनि वरडला, "बगा! अळनी हाय! चाखा कुनी बी!"

भाच्यानं बी व्हट लावलं. "व्हय मामा, अळनीच हाय!"

सगळी जत्रा माज्याकडं बगाय लागली. हौसानं तर पदरात त्वांड घातलं.

मी म्हनलं, "अळनी हाय ना? मंग उन्हाचं आलाय, तहान लागली असंल. एका दमात तळापातूर प्या, आनि घ्या जागा!"

सुभेदारानं सगळ्यांकडं बगून गिलास वर केला आनि घटाघटा लावला तोंडाला.

...

मशीन पानवठ्याकडं गेली. सुभेदार मातर अजून चिंचंखालीच येतोय आमच्या आईस्क्रीमला. मानानं बसतो, वाटी घेतो. पन आदी चमचा पार तळाला घालून तिथलं चाखतो, आनि मंगच वरचं खातो.