कमानीखालचं लाकूड

बालिक्ची गावच्या शाळेत दोतकुल मास्तरांनी तीस वर्षं पोरांना लष्करी शिक्षण दिलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याच शिक्षणाचं सामान घरात आणून भरलं. कम्युनिस्ट राजवट जाऊन देश बदलला तेव्हा शाळाशाळांतल्या शिकवायच्या बंदुका भंगारात निघाल्या होत्या. या बंदुका मुद्दाम कापलेल्या. नळीला खिडकी, मॅगझिनला खिडकी, आतली स्प्रिंग कशी दबते ते पोरांना दिसावं म्हणून. आणि जिथे जिथे करवत लागली तिथली कड लाल रंगवलेली. मास्तरांनी काराकोल शहरापर्यंत पायपीट करून अशा अकरा जमवल्या. बायको म्हणायची, लोक मेंढ्या पाळतात, आमच्याकडे बंदुका, त्याही उंदीर न मारणाऱ्या. मास्तर नुसते हसायचे.

अकरातल्या दहा कारखान्यातूनच कापून आलेल्या. अकरावी मास्तरांनी स्वतः कापली होती, चौऱ्याहत्तर साली. महायुद्धात वापरलेली ती जुनी बंदूक शाळेला मिळाली, आणि तपासणीच्या आत ती कापून तयार हवी असा हुकूम सुटला. मॅगझिनजवळच्या लाकडावर कुणीतरी चाकूने खूण कोरली होती, घोड्याच्या पुठ्ठ्यावर घराण्याची खूण डागतात तशी. वर्गाकडची बाजू कापायची, एवढंच त्या तरण्या मास्तरांना ठाऊक. त्यांनी घाईघाईत करवत सरळ खुणेतून नेली आणि सुटलेला तुकडा शाळेच्या शेगडीत टाकला. शहाणा माणूस कधीकधी इतका गाढव असतो.

यंदा मे महिन्यात शाळेत त्या बंदुका मांडल्या होत्या. अर्ध्या खुणेची बातमी फिरत फिरत बुरुलचा नावाच्या एजेच्या (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात) कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तरांच्या दारात हजर झाली. एकोणऐंशी वर्षांची बाई. तिचा बाप बेचाळीस साली लढाईवर गेला आणि घरी फक्त 'बेपत्ता' असा कागद आला. थडगं नाही, तेव्हा मेलेल्यासाठीची प्रार्थना, दुवा, वाचायची कुठे? आई तशीच गेली. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडे सात पोळ्या तळतात; एजे त्या फडक्यात बांधूनच आली होती.

तिच्या घराण्याची खूण म्हणजे कमान आणि खाली एक दांडी. पलीकडच्या गावच्या शातेमिर घराण्याची कमान तीच, पण दांड्या दोन. त्यांचाही माणूस परतला नव्हता. लाकडावर उरली होती ती नुसती कमान. एजेने तिच्यावरून बोट फिरवलं, खाली लाल कडेशी थांबवलं.

"आमचीच ना रे, मास्तर?"

स्वयंपाकघराच्या दारातून बायको मान हलवून खुणावत होती, हो म्हणा म्हणून. एका शब्दाचं काम होतं आणि म्हातारी सुखाने घरी गेली असती. मास्तरांच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण त्या बाईच्या आयुष्यात आधीच एक कागद आला होता, तो खरा की खोटा तेच कुणाला कधी कळलं नव्हतं. त्यात आपली भर घालायची त्यांना लाज वाटली.

"एजे, खालचा भाग मी कापला. तिथे काय होतं ते मी नीट पाहिलंसुद्धा नाही. शातेमिरांचीही असेल."

"आणि तो तुकडा?"

"शेगडीत घातला."

एजेने बोट लाल कडेवरून उचललं. मग तिने विचारलं, त्या दिवशी थंडी होती का. मास्तर म्हणाले, होती, पोरं कुडकुडत होती.

"मग वाया नाही गेला," ती म्हणाली.

तिने फडकं सोडलं, तीन पोळ्या बंदुकीशेजारी ठेवल्या, ओंजळ पसरून दुवा वाचली. डोळे पुसून उरलेल्या चार तिने पुन्हा बांधल्या आणि मास्तरांच्या हातात दिल्या.

"या शातेमिरांकडे ने. बंदूकही ने. मला सांगितलंस तसंच सांग."

"ते मला फाडून खातील, एजे."

"खाऊ देत. त्यांची म्हातारी सत्याण्णव वर्षांची आहे. नवरा रात्री आला तर बाहेर राहील म्हणून अजून दाराला कडी लावत नाही." एजे काठीवर जोर देऊन उठली. "बंदूक माझ्या बापाची असो की तिच्या नवऱ्याची, परत कुणीच येणार नाही. तिच्याजवळ बस, आणि रात्री आतून कडी तूच लाव."